निवृत्तीनंतरचा दिवस : नवी मुंबईचा अनुभव

नोकरी संपते त्या दिवशी माणसाच्या हातून दोन गोष्टी एकदम जातात, पगार आणि वेळापत्रक. पगाराच्या जागी निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी अशा व्यवस्था गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत उभ्या राहिल्या. वेळापत्रकाच्या जागी मात्र काहीच उभे राहिले नाही. ते ज्याचे त्याने, त्याच्या घराने आणि त्याच्या वस्तीने मिळून नव्याने बसवायचे असते. पहिल्या गोष्टीची चर्चा आपल्याकडे भरपूर होते. दुसरीची बोळवण ‘एखादा छंद लावून घ्या’ या सल्ल्यावर होते. प्रत्यक्षात निवृत्ताचा दिवस छंदावर फार थोडा अवलंबून असतो. दरमहा खात्यात किती जमा होते, घर कितव्या मजल्यावर आहे, बसायला-चालायला जागा किती जवळ आहे आणि घरातले काम कोणाच्या अंगावर आहे, यांवर तो ठरतो.

ठरावीक वयाला काम थांबवण्याची पद्धतच मुळात अलीकडची. शेतकरी, कोळी, सुतार, कुंभार अंगात बळ असेपर्यंत काम करीत आणि बळ ओसरेल तसे हलके काम पत्करीत. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ साली वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा त्यासाठीचे वय ७० होते. फार थोडे कामगार तिथवर पोहोचत. महाराष्ट्रात ‘पेन्शनर’ हा वर्ग सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि शाळा यांतून तयार झाला आणि त्याचे गाव म्हणून पुण्याची ओळख पडली. मुंबईच्या गिरणी कामगाराची रीत वेगळी होती. हातपाय थकले की तो कोकणात किंवा घाटावर परत जाई आणि गाळ्यातली जागा मुलाला किंवा पुतण्याला मिळे. थकलेल्या माणसाचा दिवस गावाच्या ओटीवर जाई. शहराला त्याचा विचार करावा लागत नसे.

नवी मुंबईत ही रीत मोडली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी सिडको या शासकीय नियोजन महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नव्या वसाहतींची, म्हणजे ‘नोड्स’ची, आखणी सुरू झाली. गिरगाव, लालबाग, दादर, परळ इथल्या चाळींतल्या एका खोलीत वाढलेली माणसे हप्ते फेडून वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, कोपरखैरणे येथे आली. बँकांचे कर्मचारी आले, मंत्रालयातले आले. अणुशक्तीनगरचे किंवा रेल्वेचे सरकारी घर निवृत्तीला सोडावे लागणार म्हणून आधीच सोय करून ठेवणारेही आले. ती तिशी-चाळिशीतली होती, मुले लहान होती आणि शहराची आखणीही त्यांच्याच गरजांनुसार झाली : शाळा, बाजार, खेळाचे मैदान, बस आगार आणि पुढे रेल्वे. आज तीच पिढी सत्तरी-ऐंशीत आहे. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत. गावाकडचे घर भावकीत वाटले गेले आहे किंवा पडले आहे. मुंबईतली जागा केव्हाच विकली. थकल्यावर जायला दुसरे ठिकाण नसलेली, या प्रदेशातली ही पहिली मोठी निवृत्त पिढी म्हणावी लागेल.

तिच्या नोकरीतल्या दिवसाकडे आधी पाहायला हवे, कारण निवृत्तीत रिकामा होतो तो तोच दिवस. वाशीला रेल्वे आली ९ मे १९९२ रोजी. त्याआधी वीस वर्षे माणसे बसने खाडीपूल ओलांडून कामावर जात. रेल्वे आल्यावरही वाशीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायला पाऊण तासाहून अधिक आणि पनवेलहून सव्वा तासाच्या वर लागत आला आहे. घर ते स्टेशन, स्टेशन ते कचेरी धरले, तर रोजचे तीन-चार तास प्रवासात जात. सकाळी सातला बाहेर पडलेला माणूस रात्री आठला परत येई. त्यामुळे निवृत्तीत नोकरीचे आठ तास मोकळे होतातच, शिवाय प्रवासाचे तीन-चार तासही. गाडीतला ग्रुपही सुटतो. ठरलेली लोकल, ठरलेला डबा, ठरलेली खिडकी, डब्यातले भजन, पत्ते, नवरात्रातली पूजा हे वीस-पंचवीस वर्षे जपलेले नाते एका दिवसात संपते. अनेकांना कचेरीपेक्षा डब्याची आठवण जास्त येते, यात नवल नाही. कचेरीतली माणसे नेमून दिलेली होती. डब्यातली आपण जोडलेली होती.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅचली यांनी १९७६ मध्ये निवृत्तीच्या पायऱ्या मांडल्या. आधी नवलाईचे दिवस, मग विरस, मग नव्याने जुळवणी आणि शेवटी एक स्थिर घडी. सगळ्यांना हा क्रम लागू पडत नाही, पण इथल्या निवृत्तांच्या पहिल्या दोन वर्षांशी तो बऱ्यापैकी जुळतो. पहिले सहा-आठ महिने राहिलेली कामे उरकण्यात जातात : अष्टविनायक, चारधाम, घराचा रंग, मोतीबिंदूचे ऑपरेशन, मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशवारी. त्यानंतर ‘वेळ जात नाही’ हे वाक्य सुरू होते.

वेळ कसा जाणार हे पहिल्यांदा पैसा ठरवतो. सरकारी निवृत्तांना महागाई भत्त्यासह निवृत्तिवेतन मिळते. ती मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी दिला आणि म्हणूनच १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन पाळला जातो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्यांची स्थिती वेगळी आहे. नोसिल, हर्डिलिया, पीआयएल अशा नावाजलेल्या रसायन कारखान्यांमुळे हा पट्टा भरभराटीला आला होता. नव्वदच्या दशकापासून त्याला उतरती कळा लागली आणि स्वेच्छानिवृत्तीच्या योजना निघाल्या. पन्नाशीच्या आत-बाहेरची माणसे एकरकमी पैसे घेऊन घरी बसली. त्यांच्यासाठी असलेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. तिच्यात निवृत्तिवेतन पूर्ण पगारावर मोजत नाहीत, ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर मोजतात. ही मर्यादा २०१४ पर्यंत ६,५०० रुपये होती, नंतर १५,००० झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये ठरले. हजार रुपयांत महिन्याची रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधेही धड येत नाहीत. असा माणूस निवृत्त होतच नाही. तो सोसायटीच्या गेटवर रखवालदार म्हणून उभा राहतो, नाहीतर एखाद्या दुकानात हिशेब लिहितो. त्याच्या दिवसाला रिकामा वेळ हा प्रश्नच नाही आणि निवृत्तीवरच्या बहुतेक लेखनात हा माणूस दिसतही नाही.

ज्यांचे भागते, त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो. साडेपाच-सहाला वाशीच्या सागर विहारला, नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या तळ्याकाठी, पारसिक टेकडीच्या रस्त्यावर किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये पाहावे, चालणाऱ्यांत पांढरे केस अधिक. नेरूळच्या तळ्यासारखे होल्डिंग पाँड म्हणजे भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेण्यासाठी राखलेली तळी. सिडकोने ती पूरनियंत्रणासाठी ठेवली आणि त्यांच्या काठांनी शहराला फेरफटक्याच्या जागा दिल्या. हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत खाडीत रोहित पक्षी उतरतात. सीवूड्सच्या बाजूला त्यांची नोंद ठेवणारे, पाणथळ जागांवर भराव पडू लागला की अर्ज-विनंत्या करणारे निवृत्त लोक आहेत. फेऱ्या झाल्या की हास्यक्लब. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये अंधेरीच्या एका बागेत तो पहिल्यांदा भरवला. थोड्याच वर्षांत तो खाडीच्या या बाजूलाही रुळला. जून ते सप्टेंबर मात्र हा सारा क्रम कोलमडतो. पावसात फरशी निसरडी होते, पडून खुब्याचे हाड मोडण्याची धास्ती असते, म्हणून माणसे इमारतीच्या पार्किंगमध्येच येरझारा घालतात. पावसाळ्यातले हे चार महिने चालण्यासाठी एखादी छपराखालची जागा प्रत्येक नोडमध्ये असणे ही काही मोठी मागणी नाही.

नऊनंतरचा वेळ बँक, पोस्ट, दवाखाना, वीजबिल यांत जातो. ही कामे फोनवर होतात हे ठाऊक असूनही पासबुक छापून आणायला माणसे जातात, कारण तिथे ओळखीचे कोणी भेटते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. १० नोव्हेंबर २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ पद्धतीने बोटाच्या ठशावर देता येतो. बोटांच्या रेषा झिजलेल्या वृद्धांना तो त्रासाचा ठरला, म्हणून पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. तरीही बँकेतल्या रांगा पूर्ण गेल्या नाहीत. त्या रांगेतच कोण आजारी आहे, कोण गेले, याची खबर मिळते.

निवृत्तांच्या दिवसात सर्वांत मोठी, पण सर्वांत कमी नोंदली गेलेली जागा आहे गृहनिर्माण सोसायटीची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे प्रत्येक सोसायटीला समिती, हिशेब, लेखापरीक्षण, इतिवृत्त आणि ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा असे सगळे सांभाळावे लागते. कामावर जाणाऱ्या सभासदांना हे जमत नाही आणि मग निवृत्त अकाउंटंट खजिनदार होतो, निवृत्त हेडक्लार्क सचिव होतो. तळमजल्यावरच्या छोट्या ऑफिसात लोखंडी कपाट, पावती पुस्तक, पाण्याच्या पंपाच्या वेळा लिहिलेला कागद, थकबाकीदारांची यादी. संध्याकाळी सहा ते आठ हा माणूस तिथे बसतो. गळती, पार्किंग, भाडेकरूंची नोंद, नॉमिनेशनचे अर्ज. नवी मुंबईत यात एक भर आहे. इथली जमीन सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असल्याने घर विकताना, वारसाच्या नावे करताना हस्तांतरणासाठी सिडकोच्या बेलापूरच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात. हे काम ज्याला येते त्याला सगळी इमारत मानते. शहरातील हजारो सोसायट्या मुख्यतः निवृत्तांच्या फुकट श्रमांवर चालतात. त्यांनी उद्या हात काढून घेतला तर त्यातल्या निम्म्या मोडकळीला येतील. या कामाने माणसाला नोकरीसारखेच तीन लाभ होतात, बाहेर पडायला कारण, ठरलेली वेळ आणि आपल्यावाचून अडते ही जाणीव. छंदातून पहिले दोन मिळतात, तिसरे क्वचित.

दुसरी जागा आहे विरंगुळा केंद्राची. ज्येष्ठ नागरिक संघांची चळवळ महाराष्ट्रात जुनी. त्यांचा राज्यव्यापी महासंघ ‘फेस्कॉम’ १९८० पासून काम करतो. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून अस्तित्वात आली आणि तिने वेगवेगळ्या नोड्समध्ये, बहुधा उद्यानाच्या कडेला, ज्येष्ठांसाठी अशी केंद्रे बांधली. केंद्र म्हणजे एक सभागृह. भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्या, मधल्या टेबलावर चार-पाच वर्तमानपत्रे, दोन कॅरम बोर्ड, बुद्धिबळ, काचेच्या कपाटात भेट मिळालेली पुस्तके. फळ्यावर महिन्याचे कार्यक्रम आणि त्या महिन्यात जन्मलेल्यांची नावे लिहिलेली. महिनाअखेरीला सगळ्यांचा वाढदिवस एकत्र साजरा होतो. रक्तदाब तपासणी, मृत्युपत्र कसे करावे यावर वकिलांचे व्याख्यान, कोजागरी, सहल. एसटीने २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला, तेव्हापासून सहलींचे बेत सोपे झाले. रेल्वेने मार्च २०२० मध्ये बंद केलेली ज्येष्ठांची सवलत पुन्हा सुरू झाली नाही आणि लांबच्या यात्रांना त्याचा फटका बसला. ज्यांना वाचन-नाटकाची ओढ आहे, ते वाशीच्या साहित्य मंदिरात, विष्णुदास भावे नाट्यगृहात दिसतात, ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातले ग्रंथालय ही त्यात पडलेली मोलाची भर.

विरंगुळा केंद्रात दुपारी चारच्या सुमारास डोकावले तर बसलेले बहुतेक पुरुष असतात. निवृत्तीचा अर्धा भाग इथेच झाकला जातो. नोकरी न केलेल्या बाईला निवृत्ती नसते आणि नोकरी केलेल्या बाईची एक नोकरी तेवढी संपते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जात असल्याचे आढळले. पुरुषांचा ९७ मिनिटे. नवरा निवृत्त झाला की हे काम कमी होत नाही, वाढते. डब्याऐवजी दोन वेळा गरम जेवण, मधला चहा, आलेगेले. मुलगा आणि सून दोघेही नोकरीवर असली तर नातवंडांना स्कूलबसपर्यंत पोहोचवणे, दुपारी आणणे, जेवू घालणे आजीकडे येते. ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी कंपन्यांत काम करणारी तरुण कुटुंबे किती प्रमाणात आजी-आजोबांच्या वेळावर उभी आहेत, हे पाळणाघरांच्या फीकडे पाहिले की कळते. नातवंडांत जीव रमतो हे खरेच आहे. पण तो वेळ आजीने स्वतः निवडला की तो तिला नेमून दिला गेला, हे विचारायला हवे. तिचा स्वतःचा वेळ म्हणजे दुपारचे भजनी मंडळ, भिशी, मंदिरातले हरिपाठ आणि श्रावणातली मंगळागौर. शाळा, बँक, इस्पितळे, टेलिफोन खाते यांतून निवृत्त झालेल्या स्त्रियांची पहिली मोठी पिढी आता संघांत येऊ लागली आहे आणि ज्या संघांची अध्यक्षा स्त्री असते तिथे दुपारचे कार्यक्रम संध्याकाळी सरकतात, हा फरक लक्षणीय आहे.

शहराच्या आखणीबाहेर राहिलेल्यांचे निवृत्तजीवन आणखी निराळे. करावे, दिवाळे, सारसोळे, घणसोली, कोपरखैरणे या गावांतील आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी नव्या शहरात गेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. या गावांतल्या वृद्धांना पेन्शन नाही. गावठाणात वाढवलेल्या खोल्यांचे भाडे हेच त्यांचे निवृत्तिवेतन. दिवस मात्र त्यांचा भरलेला असतो. गावदेवीचे देऊळ, पालखी, हळदी-लग्ने, भावकीचे निवाडे यांत वयाला मान आहे आणि तो मिळवायला कोणत्या संघाचे सभासद व्हावे लागत नाही. दिवाळ्यात जाळे विणणारे म्हातारे हात अजून दिसतात.

तुर्भ्याच्या बाजार समितीत गोण्या वाहिलेल्या माथाडींची कथा गिरणी कामगाराच्या जुन्या रीतीला धरून आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला, मंडळामार्फत भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळू लागली, कोपरखैरणे-घणसोलीत घरे झाली. पाठ आणि गुडघे साठीआधीच जातात. मग वारस म्हणून नोंदवलेल्या मुलाला किंवा पुतण्याला काम देऊन अनेक जण सातारा, सांगली, पुण्याकडच्या गावी परततात. उन्हाळ्यात जत्रेला मुले तिकडे आणि औषधपाण्याला आई-वडील इकडे, अशी ये-जा सुरू राहते. दोन्हीकडे घर असण्याचे हे सुख आता त्यांच्याकडेच उरले आहे.

शेवटचा टप्पा जिन्यापाशी येतो. सिडकोने सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या वाशी, नेरूळमधल्या इमारती तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या. चाळिशीतल्या माणसाला तिसरा मजला म्हणजे वारा आणि उजेड. पंच्याहत्तरीत गुडघा गेल्यावर त्याच मजल्याने दिवस बंद होतो. आधी संध्याकाळची फेरी सुटते, मग केंद्र, मग सोसायटीचे ऑफिस आणि शेवटी फक्त दवाखान्यासाठी उतरणे उरते. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जाते. वाशीच्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारती मोडकळीला आल्याने पुनर्विकास अटळ आहे आणि नव्या इमारतीत लिफ्टही येईल. पण मधली तीन-चार वर्षे भाड्याच्या घरात, अनोळखी सेक्टरमध्ये काढायची असतात. ऐंशीच्या माणसाला ती फार मोठी. त्याचा वाणी, डॉक्टर, बाक आणि चार मित्र एकदम सुटतात. कित्येक जण नवे घर पाहायला राहत नाहीत.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत साठीवरचे लोक ९.९ टक्के होते आणि हा वाटा वाढतच आहे. राज्याने २०१३ मध्ये ज्येष्ठ नागरिक धोरण आणले, २००७ च्या केंद्रीय कायद्याने आई-वडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली. दिवसाचा प्रश्न त्यांतून सुटत नाही. तो वॉर्डात सुटेल. पुनर्विकासाच्या करारात वृद्ध सभासदांना त्याच सेक्टरमध्ये तात्पुरती घरे मिळण्याची अट सोसायट्यांनी घालावी. महापालिकेने विरंगुळा केंद्रांच्या वेळा स्त्रियांना विचारून ठरवाव्यात. आणि प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाने आपले हजेरीपुस्तक उघडून गेल्या तीन महिन्यांत कोण आलेले नाही याची यादी काढावी आणि त्या घरांचे जिने चढावेत.